नाते निवडा

सख्ख्या भावाला त्याच्याच घरात भाडेकरू ठरवायचं म्हटलं तर एरवी कोर्टात दोन पिढ्या खर्ची घालाव्या लागतात. धाकट्यांनी ते काम एका दुपारी, पंख्याखाली बसून, मांडीवर उशी आणि उशीवर मोबाईल ठेवून उरकलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाईट असता तर निस्तरणं सोपं गेलं असतं, कारण वाईट हेतूची निदान माफी मागता येते. चांगल्या हेतूची माफी कशी मागायची, हे धाकट्यांना अजूनही कळलेलं नाही.

घर वडिलांनी बांधलेलं. खाली धाकटे आणि त्यांची बायको, वर थोरले आणि वहिनी, मध्ये जिना. मुलं दोघांचीही आपापल्या उद्योगाला लागून दूर गेलेली. धाकटे एका कॉलेजच्या कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. थोरले वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. जन्मभर काटे तपासल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट स्वतः तोलल्याखेरीज खरी मानायची नाही, असा त्यांचा स्वभाव होऊन बसला होता. भाजीवाल्याच्या काट्याकडे ते असे काही बघत, की तो बिचारा आपण होऊन दोन टोमॅटो जास्त टाकी. गल्लीत दोघांना नावानं कुणी ओळखत नसे. थोरले म्हणजे थोरले आणि धाकटे म्हणजे धाकटे. धाकट्यांचे केस पांढरे झाले, गळाले, तरी ते धाकटेच राहिले.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडण गच्चीच्या दाराचं होतं. कुणीतरी एकदा ते उघडं ठेवलं आणि वडिलांची वेताची आरामखुर्ची रात्रभर पाणी खाऊन मोडली. दार कुणी उघडं ठेवलं यावर दोघांनी जे बोलायचं ते एका संध्याकाळी बोलून घेतलं, आणि मग बोलायचं काही उरलं नाही. जावांनी मात्र या भांडणाची दखलच घेतली नाही. त्या जिन्यात उभ्या राहून तासन्‌तास बोलत, वाट्यांची देवाणघेवाण करत आणि नवऱ्यांचे निरोप पोचवत. ‘त्याला म्हणावं, मोटर बंद कर,’ हा थोरल्यांचा निरोप समोरच उभ्या असलेल्या धाकट्यांपर्यंत दोन बायकांमधून फिरून पोचे. तोवर टाकी वाहायला लागलेली असे.

याला अपवाद वर्षातून एकच दिवस. मिळकत कर भरण्याचा.

वडिलांनी घर दोघांच्या नावावर एकत्र ठेवलं होतं. ‘घराचा नंबर एकच राहू दे,’ हे त्यांचं शेवटचं शहाणपणाचं बोलणं. त्यानंतर ते फक्त पंख्याबद्दल बोलले. आणि महापालिकेच्या कर कार्यालयाचा नियम असा, की दोन मालक असतील तर दोघांनी समक्ष येऊन सह्या करायच्या. हा नियम खरंच कुठे लिहिलेला होता, की खिडकीवरच्या बाईंनी आपल्यापुरता केला होता, हे कुणी कधी तपासलं नाही. पण त्यापायी दरवर्षी एका ठरलेल्या सकाळी दोघे भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून जिन्याशी भेटत आणि एक शब्द न बोलता चालू लागत. थोरल्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. थोरले नेहमी रहदारीच्या बाजूनं चालत. लहानपणी धाकट्यांना शाळेत पोचवताना चालत तसंच.

एकदा रांगेत उभं राहिलं की मात्र दोघांना वाचा फुटे. रांगेत बोललेलं धरायचं नाही असा जणू त्यांचा करारच होता. आधी कार्यालयाला नावं ठेवून होत. मग पुढच्या माणसाला. पंखा कसा फक्त साहेबाच्या डोक्यावर फिरतो, याबद्दल दोघांचं एकमत होई. मग हळूच मुलांच्या गोष्टी निघत, आणि खिडकी जवळ येईपर्यंत आईच्याही. खिडकी जवळ आली की धाकट्यांना दरवर्षी वाटे, आणखी थोडी माणसं पुढे असती तर बरं झालं असतं. सह्या झाल्या की समोरच्या चहावाल्याकडे जायचं. तिथे थोरले सांगत, “दोन. एकाला साखर कमी.” ती कमी साखर धाकट्यांच्या कपात, कारण त्यांना मधुमेहाची सुरुवात होती. धाकटे दरवर्षी चिडत आणि थोरल्यांची पाठ वळली की टेबलावरच्या डब्यातून चमचाभर साखर घालून घेत. पैसे थोरलेच देत. धाकट्यांनी खिशात हात घातला तरी ते नुसते बघत, वजनकाट्याकडे बघत तसे, आणि धाकट्यांचा हात आपोआप बाहेर येई. घराच्या फाटकाशी आलं की पुन्हा दोघांचं तोंड बंद.

गेल्या वर्षी थोरल्यांना रांगेत उभं राहवेना. गुडघा. ते कडेच्या पायरीवर बसले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी जमेलसं वाटत नाही रे.”

त्यातला तो ‘रे’ धाकट्यांच्या मनात वर्षभर घर करून राहिला. तेव्हा धाकट्यांनी जे केलं ते भावाच्या गुडघ्यासाठी केलं, असं म्हणायला हरकत नाही. धाकटे स्वतः तसंच म्हणतात. पण खरं सांगायचं तर थोडा हात बँकवाल्यांच्या भिंतीचाही होता.

बँकवाले म्हणजे शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाले तरी त्यांचं बोलणं अजून काउंटरच्या पलीकडूनच येई. महापालिकेनं त्या वर्षी कराचं सगळं कामकाज ऑनलाईन आणलं होतं. ‘घरबसल्या कर भरा’ असे फलक चौकाचौकांत लागले होते. त्यावर एक कुटुंब सोफ्यावर बसून मोबाईलकडे बघत इतकं आनंदानं हसत होतं, की कर भरताहेत की लॉटरी लागली आहे ते कळू नये. पहिल्या महिन्यात ऑनलाईन भरणाऱ्याला ‘जागरूक नागरिक’ असं प्रमाणपत्र मिळे. बँकवाल्यांनी ते छापून, चौकटीत घालून, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असं लावलं होतं.

“तुमचं व्हायचंय वाटतं अजून?” त्यांनी विचारलं. “तुम्ही बुवा रांगेची मजा लुटणारी माणसं.”

धाकट्यांनी हसून सोडून दिलं, म्हणजे तसं दाखवलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, “या वर्षी कर मी घरून भरणार. दादाला त्रास नको.”

“भावजींना विचारलंत का?” बायको म्हणाली.

“त्यात विचारायचंय काय? त्याच्याच गुडघ्यासाठी करतोय.”

“मग त्यांच्याच कानावर घाला. नाहीतर मी ताईंना सांगते.”

“नको,” धाकटे म्हणाले. “एकदम झालं की कळू दे. बरं वाटेल त्याला.”

बायकोनं पुढे काही विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या वेळी बोलून उपयोग नाही हे तिला कळत होतं, आणि बोलायला हवं होतं हे तिला नंतर वाटत राहिलं.

पहिला दिवस घराच्या फोटोत गेला. संकेतस्थळाला मिळकतीचा समोरून फोटो हवा होता आणि फोटोत माणूस नको होता. धाकटे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. पहिल्या फोटोत बायको कपडे वाळत घालत होती. तो नामंजूर झाला. दुसऱ्यात टेम्पो आला. तिसरा फोटो उत्तम निघाला, पण घरी येऊन मोठा करून पाहिला तर वरच्या बाल्कनीत थोरले उभे होते आणि थेट मोबाईलकडे बघत होते. आपला भाऊ समोर उभा राहून आपले फोटो का काढतोय, हे त्यांना अर्थातच कळलेलं नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरून वहिनींमार्फत निरोप आला, “फोटो कसले चाललेत, असं विचारत होते.” धाकट्यांनी खालून कळवलं, “सहज.” या ‘सहज’चा वर काय अर्थ लावला गेला असेल याचा विचार त्यांनी तेव्हा केला नाही. पुढे पुष्कळ केला.

दुसऱ्या दिवशी धाकटे मुख्य अर्जाला भिडले. बँकवाले तज्ज्ञ म्हणून शेजारी येऊन बसले आणि चहाचे कप रिकामे करत राहिले. सुरुवात झोकात झाली. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी चित्रांतले जिने ओळखा, असं आलं, आणि धाकट्यांनी पहिल्या फटक्यात सगळे जिने ओळखले. उभं आयुष्य एका जिन्याच्या खाली काढलेला माणूस. मग नाव, पत्ता, खोल्या, मोरी, मजले. कॉलेजात हजारो अर्ज तपासलेला हात सरसर चालला होता. ‘मुख्य मालक’ या जागी संकेतस्थळानं धाकट्यांचं नाव आपण होऊनच भरलं, कारण मोबाईल त्यांचा होता. मालक दोन आहेत हे सांगायची तिथे सोयच नव्हती. धाकट्यांना ते खटकलं, पण मनाच्या एका कोपऱ्यात जरासं बरंही वाटलं. जन्मात पहिल्यांदा ते कशाचे तरी मुख्य झाले होते.

पुढचा रकाना होता: ‘मिळकतीत राहणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचे मालकाशी नाते निवडा.’

धाकट्यांनी यादी उघडली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाडेकरू, राखणदार. यादी संपली. त्यांनी ती पुन्हा वर नेऊन खाली आणली. भाऊ नव्हता.

“भाऊ नाहीये यात,” ते म्हणाले.

“असेल हो. नीट बघा.”

बँकवाल्यांनी चष्मा बदलून नीट बघितलं. नव्हता. रकाना रिकामा सोडला तर ‘पुढे जा’चं बटण उमटत नव्हतं, आणि वरच्या कोपऱ्यात सत्र संपायला किती वेळ उरला ते उलटं मोजलं जात होतं.

“टाका काहीतरी,” बँकवाले म्हणाले. “आधी पुढं तर जाऊ. सिस्टीममध्ये दुरुस्ती नंतर करता येते. आम्ही बँकेत तेच करायचो.”

धाकट्यांनी उरलेला वेळ खरोखर विचारात घालवला. मुलगा म्हणणं शक्य नव्हतं, थोरले वयानं मोठे. वडील म्हणावं तर वडिलांचा मृत्यू दाखला त्याच कार्यालयात जमा होता. उरले राखणदार आणि भाडेकरू. थोरल्या भावाला राखणदार म्हणणं धाकट्यांच्या जिवावर आलं. एवढा अपमान ते करू शकत नव्हते. म्हणून, आदर म्हणून, त्यांनी भाडेकरू निवडलं. खाली लाल फुलीचा, म्हणजे सक्तीचा, आणखी एक रकाना होता, त्यात थोरल्यांचा मोबाईल नंबर टाकला. कर भरला गेला. प्रमाणपत्र आलं. बँकवाल्यांनी हात मिळवला आणि शेवटचा कप संपवून गेले.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर थोरल्यांच्या मोबाईलवर महापालिकेचा संदेश पोचला. ‘अभिनंदन. सदर मिळकतीत भाडेकरू म्हणून आपली नोंद यशस्वी झाली आहे. कृपया भाडेकराराची प्रत अपलोड करावी.’

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. वहिनी होत्या. त्यांच्या हातात एक पाकीट होतं.

“हे घ्या भावजी,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा हसू की रडू असा झाला होता. “या महिन्याचं भाडं. पावती द्यायला सांगितलीय.”

धाकट्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. “अहो वहिनी, त्या यादीत भाऊच नव्हता,” ते म्हणाले.

“मी सांगते त्यांना,” वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळानं परत आल्या. “म्हणाले, यादीत नव्हता हे बरोबर. त्याच्या मनातही नसेल.”

धाकट्यांनी पाकीट परत पाठवलं. ते पुन्हा खाली आलं. पुन्हा वर गेलं. शेवटी दोघी जावांनी ते जिन्याच्या कठड्यावर ठेवून दिलं आणि आपापल्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून वरून निरोप सुरू झाले. “मालकांना सांगा, मोरीचा नळ गळतोय, दुरुस्ती मालकाकडे असते.” “मालकांना विचारा, भिंतीत खिळा ठोकला तर चालेल का.” मालक या शब्दावर थोरले वरच्या मजल्यावर इतका जोर देत, की तो खालपर्यंत ऐकू येई. धाकट्यांनी प्लंबर पाठवला. थोरल्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि स्वतः पाना घेऊन नळ दुरुस्त करताना ऐकू आले. दुरुस्त करताना त्यांनी तो आणखी थोडा बिघडवला असावा, कारण त्यानंतर तो रात्रंदिवस गळू लागला. धाकटे अंथरुणात पडून तो आवाज ऐकत.

त्यातच महापालिकेनं सुधारित आकारणी पाठवली. भाड्यानं दिलेल्या मिळकतीला कर जास्त असतो.

“अहो, हे उत्पन्न दाखवणं झालं तुमचं,” बँकवाले म्हणाले. “भाऊ नव्हता तर ‘मुलगा’ टाकायचं होतं. सवलत असते.”

धाकट्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. थोरल्यांसारखं बघायला त्यांना कधीच जमलं नव्हतं, पण त्या दिवशी थोडंफार जमलं असावं. बँकवाले पेपर उचलून आपल्या घरात गेले.

मग दुरुस्तीची मोहीम सुरू झाली. मदत केंद्राच्या नंबरावरचा आवाज फार गोड होता. त्यानं धाकट्यांची सगळी हकिगत, खुर्चीच्या भांडणापासून, शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी म्हटलं, “आपली तक्रार समजली नाही. मुख्य यादीकडे परत जाण्यासाठी शून्य दाबा.” तेव्हा धाकट्यांच्या लक्षात आलं की पलीकडे माणूसच नव्हता. इतक्या मोकळेपणानं ते कित्येक वर्षांत कुणाशी बोलले नव्हते, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

शेवटी ते कर कार्यालयात गेले. एकटे. ती दरवर्षीची खिडकी लाकडी फळीनं बंद केली होती. समोर एक उभं यंत्र होतं, आणि यंत्राच्या शेजारी खुर्ची टाकून त्याच खिडकीवरच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात ‘सुविधा सहायक’ अशी पट्टी होती.

“थोरले कुठेत?” बाईंनी पहिलं हेच विचारलं.

धाकट्यांनी सगळं सांगितलं. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी यंत्रावर मिळकत उघडून दाखवली. “हे बघा, मला दिसतं. पण मला बदलता येत नाही. पूर्वी पेन असायचं, मी खाडाखोड करून सही मारली असती. आता दोनच मार्ग देतंय. एक, भाडेकरूनं जागा सोडली असं दाखवा.”

“म्हणजे दादा घर सोडून गेला असं?”

“तसं होईल. मग त्यांची नोंदच जाईल. दुसरं, मिळकतीचं विभाजन करा. खालचा अ, वरचा ब. दोघं मालक, दोन नंबर. भाडेकरू आपोआप जातो.”

“वाटणी?” धाकटे म्हणाले.

“कागदावर हो. म्हणजे कागद पण नाही आता. तुम्ही अर्ज टाकायचा, त्यांच्या मोबाईलवर संमती मागितली जाईल. त्यांनी नाही म्हटलं तर सुनावणी लागते. त्याला मात्र दोघांनी समक्ष यावं लागतं.”

समक्ष हा शब्द ऐकून धाकट्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. दादा संमती देणं शक्यच नव्हतं. वडिलांचं बोलणं त्यानं देव्हाऱ्यात ठेवावं तसं जपलेलं. तो संदेश बघताच तो संतापेल, कदाचित स्वतः खाली येईल, दारात उभा राहून ओरडेल. ओरडू दे. मग सुनावणीची तारीख लागेल, दोघं इस्त्रीचे शर्ट घालून इथे येतील, बाकावर बसतील. रांगेत बोलतात तसं बोलतील. ‘दादा, तुझ्या गुडघ्यासाठी केलं रे मी,’ हे वाक्य धाकट्यांनी परतीच्या वाटेवर निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं.

जेवायच्या आधी त्यांनी अर्ज टाकला आणि दाराकडे कान लावून बसले.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग धाकट्यांच्या हातातला मोबाईल थरथरला. ‘अभिनंदन. दुसऱ्या पक्षाची संमती प्राप्त झाली. मिळकतीचे विभाजन पूर्ण झाले. आपला अनुभव कसा वाटला? कृपया तारे द्या.’

वजनकाट्यांवर सुद्धा विश्वास न ठेवणाऱ्या थोरल्यांनी मोबाईलवर संमतीचं बोट ठेवलं होतं आणि ते पहिल्या प्रयत्नात लागलं होतं. ज्या वाटणीसाठी घराघरांतून डोकी फुटतात ती यांच्या घरात ताटं वाढायच्या आत पार पडली. धाकट्यांना जेवण गेलं नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्याशेजारी नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यात भेटल्या. धाकट्यांनी विचारलं, “वहिनी, त्यानं हो कसं म्हटलं?”

“तुम्हीच मागितलंत ना भावजी? मोबाईलवर आलं होतं, अर्जदार विभाजन इच्छितात म्हणून. खाली तुमचं नाव. त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. चष्मा होता तरी. मग म्हणाले, त्याला वेगळं व्हायचंय तर आपण कशाला आडवं यायचं. फोटो काढत होता तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.”

“मला वेगळं व्हायचं नव्हतं,” धाकटे म्हणाले.

“मग जाऊन सांगा की. दहा-बारा पायऱ्या तर आहेत.”

धाकटे पायऱ्या चढले. अर्ध्या जिन्यात पाय थबकले. वरून नळाचा आवाज येत नव्हता. थोरल्यांनी तो एकदाचा नीट केला होता. आता तो नळ सर्वार्थानं त्यांचा होता, आणि दार बंद होतं. आपण दार वाजवलं आणि त्यानं दारातूनच ‘काय काम आहे’ असं विचारलं तर, एवढ्या एका विचारापाशी धाकटे अडले. चूक आपली, पण पाकिटातून भाडं पाठवण्याइतका अपमान त्यानं करायला नको होता, हाही विचार तिथेच भेटला. ते खाली आले. उद्या जाऊ, असं त्यांनी ठरवलं, आणि हा उद्या पुढे लांबतच गेला.

महापालिकेचा माणूस येऊन फाटकावरची वडिलांनी रंगवलेली नंबराची पाटी काढून दोन नव्या पाट्या ठोकून गेला. अ आणि ब. जुनी पाटी धाकट्यांनी उचलायच्या आत नाहीशी झाली होती. थोरल्यांनी वर नेली असावी. ‘जागरूक नागरिक’ प्रमाणपत्र धाकट्यांनी छापलंच नाही.

वर्ष फिरलं. कराचा महिना आला. धाकट्यांनी अ नंबरचा कर भरून टाकला. बटण दाबलं आणि झालं, पाणी प्यायला उठावंही लागलं नाही. तरीही त्या ठरलेल्या सकाळी त्यांनी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

“कुठे निघालात?” बायकोनं विचारलं.

“जरा पाय मोकळे करून येतो.”

तिनं शर्टाकडे बघितलं आणि त्यांचा रुमाल आणून दिला.

धाकटे दाराबाहेर आले तर थोरले जिना उतरत होते. एकेक पायरी, कठडा धरून. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत बाटली. शेवटच्या पायरीवर ते थांबले. दोघे समोरासमोर आले. बोलायचं तर रांग हवी आणि इथे रांग नव्हती. धाकट्यांच्या तोंडात गुडघ्याचं वाक्य वर्षभर तयार होतं. ते म्हणाले, “बाजारात?”

“हं,” थोरले म्हणाले. “तू?”

“मी पोस्टात.”

“जा मग,” थोरले म्हणाले.

फाटकातून बाहेर पडून थोरले डावीकडे गेले. बाजार डावीकडे, कर कार्यालयही डावीकडेच. पोस्ट उजवीकडे. तोंडातून पोस्ट निघून गेल्यामुळे धाकट्यांना उजवीकडे जाणं भाग होतं. दादानं मागे वळून पाहिलं तर खोटं पडायला नको म्हणून ते पार पोस्टापर्यंत गेले, तिथल्या बाकावर उगाच तासभर काढला आणि मग मागच्या गल्लीनं, शाळेला वळसा घालून, धापा टाकत कर कार्यालयात पोचले. आपण इथे कशासाठी आलो हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दालन रिकामं होतं. रांगेचे कठडे काढून टाकले होते. यंत्राशेजारी बाई होत्या.

“अहो, आत्ता आत्ता थोरले येऊन गेले,” त्या म्हणाल्या. “समक्ष भरायची सोय अजून आहे का विचारत होते. म्हटलं, नाही हो, बंद झाली. मग म्हणाले, धाकटा आला होता का. म्हटलं, नाही. तिथे त्या खुर्चीवर बसले बराच वेळ. मी विचारलं, काही काम आहे का. म्हणाले, नाही, रांगेत आहे.”

धाकटे जवळजवळ पळतच समोरच्या चहावाल्याकडे गेले. बाकड्यावर कुणी नव्हतं.

“मोठे आत्ताच गेले,” चहावाला म्हणाला. “चालवत नव्हतं त्यांना. मीच रिक्षा थांबवून दिली. बसा तुम्ही.”

त्यानं न विचारता चहा ओतला आणि समोर ठेवला. धाकट्यांनी खिशात हात घातला.

“पैसे राहू द्या. ते देऊन गेलेत. म्हणाले, धाकटा पोस्टात गेलाय, येईल इतक्यात. आला की दे.” चहावाल्यानं कप पुसून पुढे सरकवला. “साखर कमी टाकलीय. सांगून गेलेत.”

साखरेचा डबा टेबलावर नेहमीच्या जागी होता. पाठ वळवणारं शेजारी कुणी नव्हतं. धाकट्यांनी डबा हातानं दूर सारला, बाकड्याच्या एका टोकाला सरकून बसले आणि चहा तसाच प्यायले.